हॉलचे भाडे कोण भरणार?



दरवर्षी या पानावर एखादा विषय घेऊन तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या, ही आपली रीत. यंदाचा विषय पैशाचा आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत तो वावगा वाटू नये. पण हा पैसा सोन्याचा नाही आणि शेअर बाजाराचाही नाही. गाणे, नाटक, नृत्य, चित्रकला शिकवायला लागणारा पैसा कोण देतो आणि नेमका कशासाठी देतो, एवढेच आज पाहू.

सुरुवात आपल्या ओळखीच्या नावापासून करतो. इथली आपली कितीतरी मुले गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द घरोघरी ऐकू येतात. या साऱ्याचे मूळ लाहोरात आहे. कुरुंदवाडात जन्मलेले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. बुवांचे स्वतःचे शिक्षण संस्थानिकांच्या आश्रयाने झाले होते. शाळा मात्र त्यांनी लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालवली. ज्याला आज आपण ‘नॉनप्रॉफिट’ म्हणतो, ते काम बुवा हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधी करत होते.

१९०८ मध्ये ते मुंबईला आले. विद्यार्थी वाढले, निवासी शिष्यांच्या राहण्या-जेवणाचा भार वाढला. त्यासाठी कर्ज काढून इमारत बांधली आणि ते फेडण्यासाठी गावोगाव जलसे सुरू झाले. गाण्यातून मिळालेला पैसा व्याजात जाऊ लागला. शेवटी १९२४ च्या सुमारास बुवा दौऱ्यावर असताना सावकारांनी जप्ती आणली आणि इमारत लिलावात गेली.

गोष्ट इथे संपली असती, तर आपली मुले आज कुठल्या परीक्षेला बसली असती? १९३१ मध्ये बुवा गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढले, ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विद्यापीठात गेले, बी. आर. देवधरांची शाळा मुंबईत चालली. इमारत गेली, पण माणसे घडवण्यावर झालेला खर्च बुडाला नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. बुवांच्या पाठीशी शाळेचा नेहमीचा खर्च उचलणारा एखादा कायमनिधी असता, तर एवढ्या मोठ्या गायकाला कर्ज फेडण्यासाठी गावोगाव फिरावे लागले असते का?

कलेला लागणारा पैसा तीन प्रकारचा असतो, असे मी मानतो. पहिला कार्यक्रमाचा. तो लवकर जमतो, कारण तिकीट काढणाऱ्याला त्याच संध्याकाळी आनंद मिळतो. दुसरा वास्तूचा. तोही जमतो, कारण भिंतीवर नाव लागते. तिसरा शिकवण्याचा: शिक्षकाचे मानधन, हॉलचे भाडे, विद्यार्थ्याची सहा-सात वर्षे. या पैशाला टाळ्याही नाहीत आणि पाटीही नाही. चांगले फाउंडेशन ओळखायचे असेल, तर ते हा तिसरा पैसा देते का, ते पाहावे.

अमेरिकेतलेच उदाहरण घेऊ. येहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून उस्ताद अली अकबर खाँ १९५५ मध्ये पहिल्यांदा या देशात आले आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे वादन झाले. वाहवा झाली. पण सरोदचे विद्यार्थी तयार व्हायला एक मैफल पुरत नाही. सॅम्युएल आणि लुईस स्क्रिप्स या दांपत्याने १९६३ मध्ये ‘अमेरिकन सोसायटी फॉर ईस्टर्न आर्ट्स’ ही संस्था काढली. तिच्या निमंत्रणावरून १९६५ मध्ये खाँसाहेब कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवायला आले. दोन वर्षांनी त्यांनी तिथेच स्वतःचे विद्यालय सुरू केले. पुढे ते जवळच्या मरीन काउंटीत गेले. २००९ मध्ये निधन होईपर्यंत खाँसाहेबांची कर्मभूमी तीच राहिली. स्क्रिप्स दांपत्याने फक्त मैफली भरवल्या असत्या, तर आठवणी उरल्या असत्या. शिकवण्याची सोय केली, म्हणून परंपरा उरली.

हाच प्रकार आपल्या मराठी नाटकात घडला आहे, हे तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. फोर्ड फाउंडेशन १९३६ मध्ये मिशिगनमध्ये स्थापन झाले. पैसा मोटारींचा. त्यातला काही पुण्याच्या थिएटर अकॅडमीपर्यंत पोहोचला. ‘घाशीराम कोतवाल’ जगभर नेणारी ती हीच संस्था. पण हे अनुदान गाजलेल्या नाटकाच्या प्रयोगांसाठी नव्हते. १९८५ ते १९९४ या काळात सतीश आळेकरांच्या देखरेखीखाली नव्या नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांच्या वाढीसाठी ज्या योजना चालल्या, त्यांना ते मिळाले. अजून न लिहिलेल्या नाटकासाठी पैसे द्यायचे, म्हणजे देणाऱ्याच्या अंगी शेतकऱ्याचा धीर हवा. पुढे फोर्डच्याच मदतीने बंगळुरूला ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ उभे राहिले. १९९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कलावंतांना अनुदाने देतेच, शिवाय कर्नाटकातल्या सरकारी शाळांमधल्या शिक्षकांनाही कला-शिक्षणाच्या उपक्रमांसाठी साहाय्य करते.

काही कलावंत स्वतःच देणारे झाले. चित्रकार ली क्रॅस्नर यांनी पती जॅक्सन पोलॉक यांच्यासोबत ओढाताणीचे दिवस काढले होते. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९८५ मध्ये पोलॉक-क्रॅस्नर फाउंडेशन सुरू झाले. ते गरजू चित्रकार-शिल्पकारांना थेट मदत करते आणि अर्जदार कुठल्याही देशाचा असू शकतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. फाउंडेशनचा पैसा म्हणजे गंगाजल नव्हे. तो कुठून आला, हे विचारावे लागते. वेदनाशामक औषधांच्या धंद्यावरून वाद पेटल्यावर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये सॅकलर कुटुंबाचे नाव आपल्या दालनांवरून उतरवले. शिवाय पैसे देणाऱ्याची आवड हीच कलेची दिशा ठरण्याचा धोका असतोच. जुन्या दरबारात राजाची मर्जी सांभाळावी लागे, आज अनुदानाच्या अर्जातली भाषा सांभाळावी लागते. मात्र एक फरक आहे. राजाचा जमाखर्च प्रजेला दिसत नसे. इथल्या खासगी फाउंडेशनांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम वाटावीच लागते आणि त्यांची करविवरणे कोणालाही पाहता येतात. कोणी कोणाला किती दिले, हे घरबसल्या वाचता येते. ही विवरणे वाचण्याची सवय लावून घ्या. सवाईच्या मैफलीइतकी ती रंगत नाहीत हे खरे, पण शिकवतात पुष्कळ.

हे सगळे आपल्या मंडळाच्या अंकात का? कारण करकायद्याच्या दृष्टीने आपले मंडळही याच पंगतीला बसलेले आहे. आपल्याला मिळणाऱ्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळते, म्हणजे सरकार त्यात आपला वाटा सोडते. मग त्या पैशाचे आपण काय करतो? आपल्या मंडळांचे ताळेबंद पाहिलेत, तर बहुतेक पैसा कार्यक्रमांत जातो: भारतातून येणारे नाटक, गणेशोत्सव, ध्वनी, प्रकाश, जेवण. यात गैर काही नाही. एकत्र जमणे हीही आपली गरजच आहे. पण रविवारी सकाळी शाळेच्या कॅफेटेरियात बारा मुलांना अलंकार घोटवून घेणाऱ्या शिक्षिकेचे नाव कोणत्या रकान्यात आहे? बहुतेक ठिकाणी ते नाहीच. हॉलचे भाडे त्या स्वतः भरतात किंवा पालक आपापसांत वाटून घेतात. ज्या पालकाची नोकरी गेली, त्याचे मूल मुकाट्याने वर्ग सोडते. त्याची कुठे नोंदही होत नाही.

तीन गोष्टी सुचवतो. एक, मंडळाने शिकवण्यासाठी वेगळा कायमनिधी उभारावा आणि त्याच्या मुद्दलाला हात लावू नये. ५०,००० डॉलर जमले आणि वर्षाला ४ टक्के खर्च केले, तर २,००० डॉलर होतात. आकडा लहान आहे, पण एखाद्या मुलाचा वर्ग बंद न पडण्यासाठी तो पुरेसा आहे. दोन, नोकरी करणाऱ्यांनी आपल्या कंपनीत चौकशी करावी. कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर घालणाऱ्या कंपन्या या देशात पुष्कळ आहेत, आणि नुसता अर्ज न भरल्यामुळे ती रक्कम सोडून दिली जाते. तीन, राज्याच्या कला-परिषदेकडे पाहा. पारंपरिक कला शिकवणारा गुरू आणि शिकणारा शिष्य अशा जोडीला अनुदान देण्याची सोय अनेक राज्यांत आहे. तबला, लावणी, कीर्तन या पारंपरिक कलाच आहेत. आपण अर्ज केला नाही, तर आपल्या कला तिथे कोणाला माहीतच होणार नाहीत.

इथे जन्मलेल्या आणि वाढलेल्या तरुण मित्रांनो, हे काम आमच्यापेक्षा तुम्हाला चांगले जमेल. अर्जाची भाषा तुमची, संगणक तुमचा, कायद्याची ओळखही तुम्हाला अधिक. आम्ही वर्गणी गोळा करायला शिकलो, वहीत नावे लिहून घेत दारोदार फिरलो. तुम्ही निधी उभारायला शिका. वर्गणी त्या वर्षीच संपते, निधी पुढच्या पिढीलाही पुरतो.

यंदाच्या कार्यक्रमाचे तिकीट जरूर काढा. पण ते काढताना तेवढीच रक्कम शिकवण्यासाठी बाजूला ठेवता येईल का, याचा विचार करा. आणि मंडळाच्या वार्षिक सभेत, चहा येण्याआधी, कोणीतरी हात वर करून एवढेच विचारा: रविवारच्या वर्गाच्या हॉलचे भाडे कोण भरते?