वर्गणीची शर्यत आणि नवशिक्याची घाई

घरातील मेजाला स्टिअरिंगचे चाक आवळावे, पायाशी ब्रेक व ॲक्सिलरेटरची पेडल्स ठेवावीत, संगणक सुरू करावा आणि अमेरिकेतील वा युरोपातील एखाद्या नामांकित सर्किटवर दहा-वीस परक्या माणसांबरोबर मोटारींची शर्यत खेळावी, ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. या खेळात मोठी प्रतिष्ठा मिळवलेली 'आयरेसिंग' ही अमेरिकन कंपनी खेळाडूंकडून दरमहा किंवा दरसाल वर्गणी घेते, शिवाय बहुतेक मोटारी व सर्किटे यांची निराळी किंमत आकारते, आणि इतके पैसे घेऊनही नव्या सभासदाला सर्वांत खालच्या वर्गात, साध्या मोटारीत बसवते. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला रांगेत शेवटी उभे करणारा हा व्यवहार प्रथमदर्शनी उद्दामपणाचा वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास वर्गणीचे खरे मोल या उद्दामपणातच साठवलेले आहे, असे दिसून येईल.

आयरेसिंगची पूर्वपीठिका ध्यानात घेण्याजोगी आहे. डेव्हिड केमर यांच्या 'पपायरस' या संस्थेने १९८९ साली इंडियानापोलिसच्या सुप्रसिद्ध शर्यतीचे संगणकीय रूप बाजारात आणले, आणि १९९८ मध्ये 'ग्रां प्री लेजंड्स' हा खेळ काढला. दुसरा खेळ इतका अवघड होता की अनेकांना त्यात एक फेरीही धड पुरी करता येत नसे. पुढे केमर यांनी जॉन हेन्री यांच्या साहाय्याने आयरेसिंग उभारले आणि २००८ मध्ये ते सर्वांना खुले झाले. खऱ्या सर्किटांची लेसर किरणांनी मोजणी करून रस्त्यावरील उंचवटे व खळगेदेखील संगणकात उतरवण्याची पद्धत या कंपनीने अंगीकारली. मात्र रस्त्याची हुबेहूब नक्कल ही या प्रकल्पाची निम्मी बाजू झाली. रस्त्यावर येणाऱ्या माणसांच्या वर्तनाला वळण कसे लावावे, हा प्रश्न त्याहून बिकट होता.

त्याचे उत्तर परवान्यांच्या उतरंडीत सापडते. नवशिक्याचा 'रूकी' वर्ग, त्यानंतर डी, सी, बी आणि ए, अशा या पायऱ्या आहेत. वर चढण्यासाठी शर्यत जिंकावी लागत नाही. ती सुरक्षितपणे पुरी करावी लागते. रस्ता सोडला तर एक दोषगुण, मोटारीवरील ताबा सुटला तर दोन, दुसऱ्या मोटारीला जोराची धडक बसली तर चार, असा हिशेब ठेवला जातो. किती वळणे निर्वेध पार केली आणि किती दोषगुण पदरी पडले, यांच्या प्रमाणावरून सुरक्षिततेचा आकडा ठरतो. शर्यतीतील कौशल्याचा आकडा याहून वेगळा असून त्यावरून प्रतिस्पर्धी ठरतात. शिवाय सभासदाला टोपणनावाआड लपता येत नाही. खऱ्या नावानेच उतरावे लागते.

नवशिक्याला सर्वाधिक खटकणारा नियम असा की, धडक झाली म्हणजे चूक कोणाची हे यंत्र पाहत नाही. मागून येऊन आदळणारा आणि आदळून घेणारा, दोघांच्याही खात्यावर सारखेच गुण लागतात. हा उघड अन्याय आहे, अशी तक्रार नवे सभासद आवर्जून करतात. एकेका प्रसंगापुरते पाहिल्यास ती खोटीही नाही. जाणूनबुजून केलेल्या आगळिकीविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. पण रोजच्या असंख्य शर्यतींतील प्रत्येक धक्क्याचा न्यायनिवाडा करणे कोणत्याही व्यवस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. आणि या कठोर नियमातून जे शिकायला मिळते, ते न्यायनिवाड्यातून कधीच मिळाले नसते. दोष आपला नसला तरी नुकसान आपले होते, हे एकदा उमजले की चालक पुढच्या मोटारीच्या डळमळीतून धोका आधीच ओळखू लागतो. पहिल्या वळणावर तो अंतर राखतो, आणि आडमुठ्या प्रतिस्पर्ध्याला वाट देऊन दोन वळणांनंतर सावकाश मागे टाकतो. हमरस्त्यावर मोटार हाकणाऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाचे शास्त्र याहून वेगळे नसते.

दुर्दैवाने नवशिक्याची पहिली ओढ असते ती खरेदीकडे. वर्गणीबरोबर मिळणारी माझ्दा एमएक्स-५ त्याला मिळमिळीत वाटते. दूरचित्रवाणीवर पाहिलेली शक्तिमान जीटी मोटार हवी, तिच्यासाठी नामांकित सर्किटे हवीत, आणि दहा डॉलरांहून अधिक दराने एकेक वस्तू घेता घेता वर्गणीची रक्कम कोठल्या कोठे मागे पडते. वस्तुतः ही साधी मोटारच उत्तम शिक्षक आहे. तिची ताकद बेताची असल्यामुळे वळणात गमावलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही. प्रत्येक चुकीची किंमत तेथल्या तेथे कळते. लाइम रॉक आणि लगूना सेका यांसारखी सर्किटे मूळ वर्गणीतच अंतर्भूत आहेत. पहिला बारा आठवड्यांचा हंगाम एवढ्यावर काढल्यास कोणाचेही काही बिघडत नाही.

साहित्याच्या बाबतीतही हाच विवेक हवा. खऱ्या मोटारीत शरीराला बसणारे हिसके चालकाला पुष्कळ काही सांगतात. खुर्चीवर बसलेल्याला ते ज्ञान चाकातून हाताला जाणवणारा जोर, टायरांचा आवाज आणि पडद्यावरील दृश्य यांतूनच मिळवावे लागते. म्हणून पडद्याची रुंदी व डोळ्यांपासूनचे अंतर यांवरून दृश्याचा कोन नीट बसवणे ही बिनखर्चाची सुधारणा महागड्या चाकाआधी करावयाची असते. पैसे खर्चायचेच असतील, तर पेडल किती खाली गेले याऐवजी त्यावर पाय किती जोराने दाबला हे मोजणारा ब्रेक अधिक उपयोगी ठरतो. कारण पायाला दाबाची आठवण अंतरापेक्षा चांगली राहते. सर्वांत मोठी गुंतवणूक मात्र सरावाची. एकट्याने सलग दहा फेऱ्या न घसरता पुऱ्या करता येईपर्यंत शर्यतीत उतरूच नये. आणि ब्रेक उशिरा लावण्याच्या ईर्ष्येपेक्षा तो हळूहळू सोडत वळणात शिरण्याची कला आधी साधावी.

हा सारा पोरखेळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी विल्यम बायरन या अमेरिकन चालकाचे उदाहरण पाहावे. घरच्या संगणकावर आयरेसिंग खेळून तो शर्यतीकडे वळला, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने 'डेटोना ५००' ही नॅस्कारमधील मानाची शर्यत जिंकली. अर्थात असा बायरन लाखांत एखादाच. उलट बाजूचा धडा २०२० सालचा आहे. महासाथीमुळे खऱ्या शर्यती थांबल्या आणि व्यावसायिक चालक या पडद्यावरील शर्यतींत उतरले, तेव्हा एका नामवंत चालकाने चिडून शर्यत मध्येच सोडली, आणि त्यापायी त्याने आपला एक पुरस्कर्ता गमावला. मोटार आभासी असली, तरी वर्तन आभासी नसते.

इतके म्हटल्यावर या व्यवहाराची काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वर्गणी संपली की सभासदाने वेगळे पैसे देऊन विकत घेतलेल्या मोटारी व सर्किटेही त्याला वापरता येत नाहीत. एकट्याने सरावासाठीसुद्धा नाही. पुन्हा वर्गणी भरावी, तेव्हा त्या परत मिळतात. शर्यती भरवणे, निकाल ठेवणे, तक्रारींचा निवाडा करणे, या अखंड चालणाऱ्या सेवा आहेत आणि त्यांना वर्गणी लागणार, हे मान्यच आहे. परंतु ज्या वस्तूची किंमत पुरेपूर घेतली, तिच्यावर ग्राहकाचा किमान सरावापुरता तरी हक्क राहिला पाहिजे. 'ॲसेटो कोर्सा'सारखे खेळ एकदा किंमत मोजून घेता येतात आणि एकट्याने खेळण्यास त्यांना वर्गणी लागत नाही, हे पाहता ही मागणी अवाजवी ठरत नाही. सभासदांकडून शिस्तीची अपेक्षा करणाऱ्या कंपनीने व्यवहारातही तितकीच सचोटी दाखवावी, एवढेच म्हणणे आहे.

भारतात पूर्ण लांबीची सर्किटे थोडी. चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठून तेथे मोटार पळवणे सामान्य नोकरदाराच्या वा विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारे नाही. अशांना हा खेळ शर्यतीचे दार किलकिले करून देतो. मात्र डॉलरांतील वर्गणी रुपयांत मोजताना त्यांनी हिशेब चोख ठेवला पाहिजे. आधी महिन्याची वर्गणी, हाती असेल ते साधे चाक, मिळालेली माझ्दा आणि शेवटून दुसरे येण्याची तयारी, एवढे भांडवल आरंभाला पुरेसे आहे. मोटारी पैशाने मिळतात. वरच्या वर्गाचा परवाना पैशाने मिळत नाही. जेथे बहुतेक पायऱ्या पैसे टाकून चढता येतात अशा या काळात, एक तरी जिना पायांनीच चढावा लागतो, ही गोष्ट नवशिक्याने आपले भाग्यच समजावी.