माजी वादकांचें देणें

अमेरिकेंत पुष्कळ वर्षें राहिलेल्या आमच्या एका स्नेह्यांचें पत्र परवां आलें. त्यांचा नातू तेथील एका 'ड्रम कोअर'मध्यें, म्हणजे ढोल, ताशे व पितळी शिंगें वाजवीत मैदानावर संचलन करणाऱ्या पथकांत, दाखल झाला आहे. पत्रांत नातवाचें कौतुक ओसंडून वाहत होतें आणि तें योग्यच होतें. परंतु पथकाच्या जुन्या वादकांविषयीं त्यांनीं जातां जातां लिहिलेलें एक वाक्य कांहीं केल्या आमच्या मनांतून जाईना. ते लिहितात कीं, माजी मंडळींनीं पैसे द्यावे, उन्हाळ्यांत एखादे दिवशीं मुलांना जेवूं घालावें, टाळ्या वाजवाव्या आणि आपापल्या घरीं जावें. चालत्या कारभारांत नाक खुपसूं नये. हें मत त्यांचें एकट्याचें असतें तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण आमच्याकडील शाळांच्या सुवर्णमहोत्सवांतही माजी विद्यार्थ्यांना याच उपदेशाचे पेढे वांटले जातात, आणि तो उपदेश आम्हांला सपशेल चुकीचा वाटतो.

ड्रम कोअर ही काय वस्तु आहे हें वाचकांपैकीं अनेकांना ठाऊक नसेल. पहिल्या महायुद्धानंतर घरीं परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या संघांनीं, चर्चांनीं व बालवीर संघटनांनीं गांवोगांवीं हीं पथकें पोसलीं. पुढें पथकांनीं 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही स्वतःची संस्था उभी केली आणि १९७२ मध्यें विस्कॉन्सिन राज्यांतील व्हाइटवॉटर येथें अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा भरविली. तेव्हां पथकें शेकड्यांनीं मोजावीं लागत. आज तीं कांहीं डझनांवर आलीं आहेत. मोठ्या पथकांत दीडशेच्या आसपास मुलेंमुली असतात. उन्हाळाभर तीं बसमधून देशभर हिंडतात, रात्रीचा प्रवास करून पहांटे कोठल्याशा शाळेच्या व्यायामशाळेंत जमिनीवर अंग टाकतात, उठून दिवसभर उन्हांत सराव करतात, आणि संध्याकाळीं दहा-बारा मिनिटांचा एक खेळ करून पुन्हा बसमध्यें चढतात. याबद्दल त्यांना छदामही मिळत नाहीं. उलट तींच हजारो डॉलर फी भरतात. असली तपश्चर्या त्या वयांतच शक्य होते, आणि तिचा ठसा जन्मभर पुसला जात नाहीं हेंही खरें.

आतां या संस्थेचा एक नियम ध्यानांत घेतला पाहिजे. गणेशोत्सवांतील आमच्या ढोलताशा पथकांत पन्नाशीचा गृहस्थही हौसेनें कमरेला ढोल बांधूं शकतो. तेथें एकवीस वर्षें ही मर्यादा आहे. तें वय झालें, त्या उन्हाळ्याची शेवटची स्पर्धा संपली, कीं वादक कायमचा माजी झाला. म्हणजे जो सर्वांत जाणता तोच दरवर्षीं बाहेर पडतो, आणि आंत येतीं तीं सतरा-अठरा वर्षांचीं नवखीं मुलें. त्यांना गेल्या पांच वर्षांत काय घडलें हें माहीत नसतें, मग पंचवीस वर्षांपूर्वींचें कोठून असणार? पथकांत दीर्घकाळ टिकून राहतात ते संचालक, शिक्षक आणि विश्वस्त. सत्ता त्यांच्या हातीं, हिशेब त्यांच्या हातीं, आणि स्मृतीही त्यांच्याच हातीं! त्यांच्याइतकी लांब स्मृति असलेला दुसरा एकच वर्ग आहे, आणि तो म्हणजे माजी वादकांचा. आमचे स्नेही ज्याला 'नाक खुपसणें' म्हणतात त्याचें खरें प्रयोजन येथें आहे. या एकाच वर्गाच्या तोंडाला देणगीच्या पावतीनें कुलूप लावलें, तर मग पहारा करावयाचा कोणीं?

पैशाची गरज आम्ही नाकारीत नाहीं. दीडशे मुलांचें दिवसांतून चार वेळांचें जेवण, बस, इंधन, वाद्यें, गणवेश हा खर्च फीमधून भागत नाहीं. जुने आश्रयदाते बहुतेक मागें सरले. कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा व्हॅनगार्ड हें १९६७ मध्यें स्थापन झालेलें आणि सात वेळां अजिंक्य ठरलेलें पथक. त्याच्या मिळकतीचा एक मोठा आधार म्हणजे बिंगोचा खेळ! (धर्मकार्यासाठीं सोरटी काढणाऱ्या आमच्या मंडळांनीं यांस हंसूं नये.) तें पथकही २०२३ च्या उन्हाळ्यांत पैशाअभावीं मैदानांत उतरूं शकलें नाहीं आणि २०२४ मध्यें परत आलें. अशा वेळीं ज्यांनीं तो गणवेश एकदां अंगावर घातला त्यांनीं हात आखडता घ्यावा असें कोण म्हणेल?

परंतु पैसे देणाऱ्यांतही एक दुसरा पंथ आहे, आणि त्याची बाजू आम्ही घेत आहों असा समज होऊं नये. यांना पथक हवें असतें तें आपल्या विसाव्या वर्षीं होतें तसेंच. २००० मध्यें 'जी' पट्टीच्या बिगुलांखेरीज इतर पट्ट्यांचीं पितळी वाद्यें चालूं लागलीं, तेव्हां यांना कला बुडाल्यासारखें वाटलें. २००४ मध्यें ध्वनिवर्धक आला, २००९ मध्यें विजेवर वाजणारीं वाद्यें आलीं. प्रत्येक वेळीं तोच आकांत. मॅडिसन स्काउट्स हें १९३८ पासूनचें पथक केवळ मुलग्यांचें होतें. २०१९ मध्यें त्यानें सर्वांना दार उघडण्याचें जाहीर केलें, तें कित्येक माजी सदस्यांना रुचलें नाहीं. आम्हांला यांचें दुःख समजतें. ध्वनिवर्धकाविषयीं तर आमचें मत त्यांच्याकडेच झुकतें. पण मुलांनीं कोणती टोपी घालावी आणि कोणत्या पट्टींत वाजवावें, हें आज घाम गाळणाऱ्यांनीं ठरवावें. या मंडळींचा उत्साह चुकीच्या दाराशीं खर्च होतो एवढेंच आमचें म्हणणें. टोपीवरून वर्षभर भांडणारा मनुष्य मुलांच्या निजण्याच्या जागेवर देखरेख कोणाची असते हें एकदांही विचारीत नाहीं.

आणि हें न विचारल्यानें काय होऊं शकतें याचें उदाहरण समोर आहे. न्यू जर्सींतील गारफील्ड येथें १९३४ मध्यें निघालेलें 'कॅडेट्स' हें या क्षेत्रांतील अत्यंत मानाचें पथक. १९८३, १९८४ व १९८५ अशीं लागोपाठ तीन वर्षें अजिंक्यपद मिळवून त्यानें पूर्वीं कोणास न साधलेली गोष्ट साधली. पुढें अशीं पदें एकंदर दहा झालीं. तीन दशकांहून अधिक काळ त्याची सूत्रें एकाच संचालकाच्या हातीं होतीं. २०१८ मध्यें नऊ स्त्रियांनीं वृत्तपत्रापुढें येऊन या संचालकावर लैंगिक गैरवर्तनाचे व अत्याचाराचे आरोप केले. त्यानें ते नाकारले आणि पद सोडलें. आरोपांतील प्रसंग कित्येक दशकांच्या काळांत पसरलेले होते. पुढें १९८० च्या दशकाच्या आरंभींच्या कथित अत्याचारावरून पथकावर दावा झाला. त्याच्या खर्चाखालीं संस्था पिचली, आणि नव्वद वर्षांचें पथक २०२४ मध्यें बंद पडलें.

न्यायनिवाडा करणें हें आमचें काम नव्हे. आमचा प्रश्न आमच्या स्नेह्यांच्या सिद्धान्तापुरता आहे. त्या नऊ स्त्रियांत पथकांत राहिलेल्या होत्या, पथकासाठीं काम केलेल्या होत्या. 'पैसे द्या, टाळ्या वाजवा, घरीं जा' या नियमाप्रमाणें त्यांनींही घरींच बसावयास हवें होतें! असें कांहीं उघडकीस आलें कीं 'संस्थेचें नांव घालविलें' म्हणून बोलणाऱ्यावरच तुटून पडणारे लोक सगळीकडे निघतात. आमच्या मतें त्या स्त्रियांनीं जें दिलें त्याच्या तोडीची देणगी त्या पथकाला दुसऱ्या कोणीं दिली नसेल. ती वेळेवर घेणारें कोणी असतें, चाळीस वर्षांपूर्वीं एखाद्या घाबरलेल्या मुलीला जाऊन सांगावयास एखादी वडीलधारी माजी वादक ठाऊक असती, तर कदाचित् पथकही वांचलें असतें. कदाचित् वांचलें नसतें. पण मुली तरी वांचल्या असत्या, आणि पथकापेक्षां त्यांची किंमत अधिक आहे हें सांगावयास लागूं नये.

यावर कोणी म्हणेल, माजी वादक पुनर्मीलनें भरवितात, तीच त्यांची सेवा नव्हे काय? मॅसॅच्युसेट्समधील रिव्हियर येथील 'ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स' या पथकाची गोष्ट पाहा. १९६७ मध्यें निघालेलें हें पथक १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्येंही वाजलें. १९८६ नंतर तें मैदानांत दिसलें नाहीं. १९९४ मध्यें अजिंक्यपदाची स्पर्धा त्यांच्याच राज्यांत भरली, तेव्हां माजी वादक पुन्हा जमले आणि त्यांनीं प्रेक्षकांना जिंकलें. आम्हांला त्या प्रसंगाचा हेवा वाटतो. मात्र स्पर्धेंत उतरणारें मुलांचें पथक त्यानंतरही उभें राहिलें नाहीं. पोटें सुटलेल्या पन्नास जणांनीं जुना गणवेश चढविणें ही आनंदाची गोष्ट आहे. एका सतरा वर्षांच्या मुलाला नवा गणवेश मिळणें ही निराळी गोष्ट आहे, आणि पहिलीनें दुसरी आपोआप साधत नाहीं.

तेव्हां माजी वादकांनीं द्यावें, जरूर द्यावें. पण देतांना जमाखर्चाचा कागद मागावा. विश्वस्तांत आपलीं माणसें असावींत, आणि तीं संचालकानें निवडलेलीं नसून माजी वादकांनीं निवडलेलीं असावींत. मुलांची तक्रार संचालकाला वळसा घालून जाईल अशी वाट कोठें आहे हें विचारावें, आणि नसल्यास ती होईपर्यंत थैली मिटून ठेवावी. गणवेशाचा रंग, गाण्याची निवड, ध्वनिवर्धक यांविषयीं हवें तर घरीं बायकोपाशीं कुरकुरावें. यानें संचालकांचा अपमान होतो असें आम्हांला वाटत नाहीं. सज्जन संचालकाला असा पहारा म्हणजे आधारच वाटेल.

आमच्या स्नेह्यांना उलट उत्तरीं आम्ही हा सगळा वाद लिहिला नाहीं. त्यांचा नातू रात्रीं ज्या बसमध्यें झोपतो त्या बसमध्यें वडीलधारें माणूस कोण असतें, आणि त्या माणसाविरुद्ध कांहीं सांगावयाचें झाल्यास मुलानें कोणाकडे जावें, एवढेंच विचारलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.