यंत्राचे पाठांतर

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही आमच्या गावची ख्याती! गेल्या दिवाळीत पुतण्याने तो पाळणा माझ्याच घरी बांधायचे ठरवले.

“काका, माझं यंत्र शेअरचे भाव आधी सांगतं. मुहूर्ताच्या सौद्याला तुमच्या फंडातले दोन लाख लावू!”

मी पडलो जुना मास्तर. विचारले, “शिकवलंस कशावर?”

“2010 ते 2019 च्या भावांवर. पेच पिळून पिळून बसवलेत. चूक औषधालाही नाही.”

“आणि परीक्षा?”

“त्याच भावांवर.”

वाचकहो, उत्तरांसकट गणिते पाठ करणारी मुले मी आयुष्यभर पाहिली. आकडे बदलले की त्यांची दांडी गुल! म्हटले, “आता न पाहिलेलं 2020 घाल.”

23 मार्च 2020 रोजी करोनाच्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळला होता. यंत्राने त्या दिवशी तेजी सांगितली!

पुतण्याचा चेहरा उतरला. रात्री म्हणाला, “काका, आता भावांचे तीन वाटे करतो. एक शिकायला, एक पेच जुळवायला. तिसरा शेवटच्या परीक्षेपर्यंत कुलपात.”

“शाब्बास! तोवर माझा फंडही कुलपात.”

आतून सौ. म्हणाल्या, “किल्ली माझ्याकडे द्या!”