उत्तरदायित्व कोणाचे? सेंट्रल फॉल्सच्या बडतर्फीचा धडा

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील सेंट्रल फॉल्स या शहराच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्त मंडळाने २३ फेब्रुवारी २०१० रोजी एक ठराव संमत केला. त्या ठरावाने तेथील सार्वजनिक हायस्कुलातील सर्वच्या सर्व शिक्षकांना एकगठ्ठा बडतर्फ करण्यात आले. वर्गावर शिकवणारे ७४ शिक्षक, त्यांच्या जोडीला समुपदेशक, व्यायामशिक्षक, मुख्याध्यापक आणि त्यांचे साहाय्यक मिळून ही संख्या ९३ भरली. कोणा एका शिक्षकाविरुद्ध चौकशी होऊन त्याचा कामचुकारपणा सिद्ध झाला होता, असे नव्हे. शाळेने परीक्षेच्या निकालाचे ठरवून दिलेले लक्ष्य गाठले नाही, हाच सर्वांचा सामुदायिक गुन्हा!

या घटनेकडे दूरदेशीची बातमी म्हणून पाहून चालणार नाही. ‘उत्तरदायित्व’ हा गोंडस शब्द शासनकर्ते आज जगभर वापरीत आहेत. त्याचा प्रत्यक्ष व्यवहारातील अर्थ या एका शहराने उघडा करून दाखविला आहे.

लक्ष्याचा सापळा

या बडतर्फीचे मूळ ८ जानेवारी २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्वाक्षरी केलेल्या ‘एकही मूल मागे राहू नये’ या नावाच्या कायद्यात आहे. २०१४ पर्यंत देशातील शंभर टक्के मुले वाचन व गणित या विषयांत प्रवीण झाली पाहिजेत, असे या कायद्याने फर्मावले. प्रत्येक शाळेने दरसाल ठरलेली प्रगती दाखवायची. कृष्णवर्णीय, स्थलांतरित, गरीब, अपंग अशा विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाचा निकाल वेगळा मोजायचा आणि त्यांतील एक गट जरी मागे पडला, तरी सारी शाळा नापास ठरवायची. सतत दोन वर्षे लक्ष्य हुकले, तर मुलांना दुसऱ्या शाळेत जाण्याची मुभा. पुढच्या वर्षी सरकारी पैशाने शिकवण्या, ज्यांची कंत्राटे खाजगी कंपन्यांनाही खुली. तरीही लक्ष्य हुकतच राहिले, तर अखेर शाळेची ‘पुनर्रचना’. म्हणजे शिक्षक बदला, शाळा खाजगी व्यवस्थापनाच्या हवाली करा किंवा राज्य सरकारच्या ताब्यात द्या.

शिक्षेची ही शिडी पायरीपायरीने रचलेली होती. मदतीची शिडी मात्र त्या प्रमाणात कोठेच नव्हती. वर्गातील मुलांची संख्या कमी करणे, उपाशी मुलाला जेवण देणे, इंग्रजी न येणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतून शिकविणारा शिक्षक नेमणे, यांपैकी काहीही न करता केवळ मोजपट्टी लावल्याने मूल उंच होत नाही. परंतु मोजणाऱ्यांना त्याची पर्वा नव्हती.

गुन्हेगार कोण आणि न्यायाधीश कोण?

सेंट्रल फॉल्स हे शहर जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे. एके काळी कापडगिरण्यांवर जगणारे. गिरण्या गेल्या, मालकांनी आपला पैसा काढून नेला आणि मागे उरली ती ऱ्होड आयलंडमधील सर्वांत गरीब वस्ती. लॅटिन अमेरिकेतून आलेली कष्टकरी कुटुंबे येथे बहुसंख्य आहेत. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी ओढाताण घेऊन त्यांची मुले वर्गात येतात. या शाळेत अकरावीच्या अवघ्या सात टक्के मुलांना राज्याच्या गणिताच्या परीक्षेत यश मिळाले. हा आकडा भयंकर आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, त्याचा जाब कोणाला विचारायचा?

या शाळांचा खर्च १९९१ पासून खुद्द राज्य सरकार चालवीत होते. विश्वस्त मंडळही शहरातील मतदारांनी निवडलेले नव्हते, ते राज्याच्या शिक्षणसत्तेने नेमलेले होते. म्हणजे जवळजवळ दोन दशके ज्यांच्या हाती तिजोरी आणि कारभार, त्यांनीच न्यायासनावर बसून खडू हाती धरणाऱ्यांना दोषी ठरविले! शिक्षण अधीक्षकांनी प्रथम शिक्षकांपुढे अटी ठेवल्या. शाळेचा दिवस वाढवावा, शाळेआधी व नंतर शिकवण्या घ्याव्यात, उन्हाळ्यात प्रशिक्षणाला यावे. यांतील काही कामाला मोबदला मिळणार होता, उरलेले काम फुकट करायचे होते. शिक्षक संघटनेने वाटाघाटींचा आग्रह धरताच बडतर्फीचे हत्यार उपसण्यात आले.

या निर्णयाची पाठराखण कोणी करावी? १ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी उत्तरदायित्वाचा हवाला देऊन तिचे जाहीर समर्थन केले. ते भाषण झाले वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या ‘चेंबर ऑफ कॉमर्स’च्या, म्हणजे मालकवर्गाच्या संघटनेच्या वास्तूत. सरकार रिपब्लिकनांचे असो की डेमोक्रॅटांचे, शिक्षकाच्या पाठीवरचा चाबूक तोच राहिला.

मे महिन्यात संघटनेच्या चिवट लढ्यामुळे तडजोड झाली आणि शिक्षकांना कामावर परत घ्यावे लागले. मात्र वाढीव दिवसासारख्या अटी त्यांना मान्य कराव्या लागल्या. पुढे ऑगस्ट २०११ मध्ये शहरच दिवाळखोरीत निघाले, तेव्हा ‘उत्तरदायित्वा’चा वर्गीय अर्थ अधिकच स्पष्ट झाला. निवृत्त पोलीस व अग्निशामक जवानांच्या पेन्शनला पंचावन्न टक्क्यांपर्यंत कात्री लागली. कर्जरोखेधारकांना मात्र खास कायद्याचे संरक्षण मिळून त्यांचे पैसे पुरेपूर चुकते झाले. सावकार सोडून सारे उत्तरदायी!

दुसरा मार्ग: आकड्यांची लबाडी

लक्ष्य गाठता येत नसेल, तर ते गाठल्याचे कागदावर दाखवावे, हा दुसरा मार्ग अटलांटा शहराच्या शाळाप्रशासनाने चोखाळला. तेथील शिक्षण अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातील सर्वोत्कृष्ट अधीक्षक म्हणून गौरविण्यात आले होते. जुलै २०११ मध्ये राज्याच्या चौकशी अहवालाने भांडे फोडले. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार झाला होता आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतलेले आढळले. भीती आणि धाकदपटशा यांच्या वातावरणात हे घडले, असेही अहवालाने नोंदविले. एप्रिल २०१५ मध्ये अकरा जणांना संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरविण्यात आले. ज्या मुलाला वाचता येत नव्हते, त्याला ‘प्रवीण’ ठरविल्यामुळे मिळू शकणारी जादा मदतही हिरावली गेली. या लबाडीचे समर्थन कोणीही करू नये. परंतु आकड्यांची ही हाव ज्यांनी वरून लादली, ते कायदेकर्ते एकाही आरोपपत्रात नव्हते.

आक्षेपाला उत्तर

‘मग शिक्षकाला जाब विचारायचाच नाही काय?’ असा प्रश्न सरकारचे कैवारी विचारतील. अवश्य विचारावा. कष्टकऱ्याच्या मुलाला न शिकविणारा शिक्षक कष्टकऱ्यांचा मित्र नव्हे, हे शिक्षक चळवळीनेही ठणकावून सांगितले पाहिजे. गटवार निकाल जाहीर झाल्याने कृष्णवर्णीय मुलांची उपेक्षा उघड झाली, हेही खरे आहे. परंतु उपेक्षा मोजायची आणि तिची शिक्षा उपेक्षितांच्याच शाळेला द्यायची, हा कोठला न्याय? जाब विचारायचा तर तो वरपासून खालपर्यंत विचारा. मंत्र्याला निधीचा, अधिकाऱ्याला रिकाम्या जागांचा आणि मग शिक्षकाला अध्यापनाचा.

महाराष्ट्राला ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली आणि मुंबई इलाख्यातही तिचा अवलंब झाला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. ज्या समाजात शिक्षणाची गोडी अद्याप लागलेली नाही, तेथे ती निरुपयोगी आहे आणि अशा वस्तीत पोट भरणार नसल्याने कोणीही शिक्षक शाळा काढण्यास धजणार नाही, असे त्यांनी बजावले. वॉशिंग्टनच्या पंडितांना सव्वाशे वर्षांनंतरही जे उमगले नाही, ते पुण्याच्या या सत्यशोधकाने तेव्हाच ओळखले होते.

भारतातील राज्यकर्त्यांनी यापासून काय बोध घेतला? डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हाही तोंडी भाषा ‘गुणवत्ते’चीच होती. २०१९ मध्ये शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती करून पाचवी व आठवीच्या मुलांना नापास करून मागे ठेवण्याचे दार पुन्हा उघडण्यात आले. तेथे शाळा नापास, येथे मूल नापास. सरकार मात्र कधीच नापास होत नाही!

अमेरिकेत २०१५ च्या नव्या कायद्याने जुना कायदा हटविला. शंभर टक्क्यांचे ते लक्ष्य कधीच गाठले गेले नाही. वार्षिक परीक्षा मात्र कायम आहेत आणि तळाच्या पाच टक्के शाळा हुडकून काढण्याची रीतही कायम आहे. लक्ष्य मेले, चाबूक जिवंत आहे. म्हणून शिक्षक आणि पालक यांच्यात फूट पाडण्याचा प्रत्येक डाव उधळून लावणे, शाळा वाचविण्याच्या लढ्यात दोघांना एकत्र आणणे आणि ‘शिक्षकांनी काय केले?’ या प्रश्नाआधी ‘सरकारने काय दिले?’ हा प्रश्न प्रत्येक गावात व वस्तीत विचारणे, हे लोकशाही चळवळीचे तातडीचे काम आहे.