घरातील वडीलधाऱ्यांस दवाखान्यात न्या



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जी मुले आईच्या कडेवर बसून आली होती, ती आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यानंतरच्या सात दशकांत ज्या कुटुंबांनी धम्म स्वीकारला, आणि ज्यांनी तो अगदी काल-परवा स्वीकारला, त्यांच्याही घरी म्हातारी माणसे आहेत. या माणसांनी शेतमजुरी केली, विड्या वळल्या, गिरणीत आणि गोदीत हाडांची काडे केली, शहरांचे रस्ते झाडले, आणि स्वतः अर्धपोटी राहून तुम्हांस शाळेत धाडले. त्यांचे ऋण तुम्ही मान्य करता. परंतु ते फेडावयाचे कसे, याचा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्या ऋणाच्या एकाच हप्त्याविषयी लिहावयाचे आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसांस, त्यांची काही तक्रार नसतानाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे व त्यांची कर्करोगाची तपासणी करवून घ्यावी, हा तो हप्ता होय.

तक्रार नसताना दवाखान्यात कशाला जावयाचे, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर रोगाच्या स्वभावातच आहे. कर्करोग प्रथम दुखत नाही. गालाच्या आतील पांढरा किंवा लाल चट्टा दुखत नाही. स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखाशी होणारा बदल तर वर्षानुवर्षे कोणतीही खूण न दाखवता वाढत राहतो. दुखू लागते तेव्हा पुष्कळदा रोग पसरलेला असतो, उपचार कठीण व खर्चाचा झालेला असतो, आणि घरातील दागिना व जमिनीचा तुकडा विकूनही माणूस हाती लागत नाही. वय वाढते तसा या रोगाचा धोकाही वाढतो. म्हणून ज्याला आपण "म्हातारपणाचे दुखणे" म्हणून सोडून देतो, तेच नीट पाहावयाचे असते.

यांपैकी तीन कर्करोग असे आहेत की जे आरंभी ओळखण्यास मोठ्या यंत्रांची गरज लागत नाही. ते तोंडाचे, स्तनाचे आणि गर्भाशयमुखाचे होत. तिशी ओलांडलेल्या माणसांची या तिन्हींसाठी तपासणी करावी, असे सरकारचेच धोरण आहे. गावच्या उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात, ज्यांस २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव दिले गेले आहे, ही सोय असली पाहिजे. आशाताई घरी येऊन वय, तंबाखूचे व्यसन, दारू, अंगावरील गाठ, न भरणारी जखम यांविषयी विचारून तक्ता भरतात, तो याच कामाचा पहिला भाग होय. पुढे केंद्रात उजेडात तोंड उघडून गाल, जीभ व जिभेखालची जागा पाहतात. स्तनांची तपासणी शिकवलेल्या हातांनी होते. गर्भाशयमुखावर शिरक्यासारखे सौम्य आम्ल लावून मिनिटभर थांबतात. तेथील त्वचा पांढरी पडली तर पुढील तपासणीस पाठवितात. या तपासण्यांत कापाकापी नाही, आणि रात्रभर मुक्कामही नाही.

वयस्क भगिनींसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. पाळी थांबल्यानंतर गर्भाशयमुखाचा तपासावयाचा भाग आत सरकतो, त्यामुळे आम्लाची तपासणी त्या वयात तितकीशी भरवशाची राहत नाही. अशा स्त्रियांनी ग्रामीण वा जिल्हा रुग्णालयात पॅप किंवा एचपीव्ही ही तपासणी मागावी. आणि पाळी कायमची थांबल्यानंतर अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागले, तर "उष्णता झाली" म्हणून घरी बसू नये. त्या दिवशी तपासणीची पाळी पाहावयाची नसते. सरळ डॉक्टरांकडे जावयाचे असते.

हे सर्व कोणी परदेशातून आणलेले ऐकीव ज्ञान नव्हे. ते आपल्याच मातीत सिद्ध झालेले आहे, आणि त्याची किंमतही आपल्यासारख्यांनीच मोजलेली आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास आता धाराशिव म्हणतात, ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, त्या गटातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. स्तनांच्या तपासणीचा निष्कर्ष २०२१ साली आला. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत त्या तपासणीने मृत्यू घटले नाहीत; पन्नास व त्यावरील स्त्रियांत मात्र ते सुमारे ३० टक्क्यांनी घटले. केरळात तिरुवनंतपुरम येथे तोंडाच्या तपासणीचा अभ्यास झाला. तंबाखू वा दारू घेणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्या तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली सिद्ध झाले.

आता या आकड्यांची दुसरी बाजू पाहा. तपासणीचा गुण सिद्ध करण्यासाठी ज्या गटांची तपासणी केली गेली नाही, त्या गटांतही स्त्रिया होत्या आणि त्यांतील कित्येक या रोगाने मेल्या. तसे करणे न्याय्य होते काय, यावर पुढे देशात आणि परदेशात वाद झाला. त्या वादात काहीही ठरो; आमचे म्हणणे एवढेच की, मराठवाड्यातील खेड्यांतून आणि मुंबईच्या झोपड्यांतून हे ज्ञान जर मिळविले गेले, तर त्या ज्ञानावर पहिला हक्क त्या खेड्यांचा व त्या झोपड्यांचा आहे. प्रत्यक्षात काय दिसते? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया शंभरांत दोनही भरल्या नाहीत. स्तनांची व तोंडाची तपासणी झालेल्या तर शंभरांत एकही नाही. ज्या घरातून ज्ञान गेले त्या घरात ते परत आले नाही. हा अन्याय आहे, आणि अन्यायाविरुद्ध गप्प बसावयास बाबासाहेबांनी आपणांस शिकविलेले नाही.

परंतु सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. दवाखान्याचे दार उघडे असूनही आपली माणसे आत जात नाहीत, याची काही कारणे आपल्याच घरात आहेत.

पहिले कारण प्रारब्धाचे. "नशिबात असेल ते होईल", "मागच्या जन्मीचे भोग आहेत", ही वाक्ये धम्मदीक्षेनंतरही आपल्या घरांतून गेलेली नाहीत. भिंतीवरील तसबिरी उतरल्या, पण मनातील तसबीर उतरली नाही. मागील जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख भोगावे लागते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात का नाकारली, याचा विचार करा. त्याच कल्पनेने आपल्या पूर्वजांस शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले. जी कल्पना माणसास अस्पृश्य ठरविते, तीच कल्पना त्याच्या तोंडातील व्रणास भोग ठरविते. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते, ही बुद्धाची शिकवण आहे. रोगाचे कारण शोधणे हे तिच्याशी सुसंगत आहे. गंडादोरा बांधणे आणि अंगारा लावणे हे तिच्याशी विसंगत आहे.

दुसरे कारण लाजेचे. आपल्या आया-आज्या छातीतील गाठ सुनेपासून आणि मुलीपासूनही लपवितात. अंगावरून जाते हे सांगावयास त्यांना जीभ उचलत नाही. मुलांनी हे ओळखून घरातील स्त्रियांकरवी विचारावे, आणि केंद्रात स्त्री परिचारिका असेल व मध्ये पडदा असेल, याची आधी खात्री करून घ्यावी. पडदा मागणे हा नखरा नव्हे.

तिसरे कारण अपमानाचे, आणि ते खरे आहे. दवाखान्यात आपल्या म्हाताऱ्यांस एकेरीत बोलले जाते, हात न लावता दुरूनच औषध दिले जाते, वस्तीचे नाव ऐकताच कपाळाला आठी पडते, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांचा असेल. परंतु अपमान होतो म्हणून दवाखाना सोडणे, हे पाणवठ्यावर अपमान होतो म्हणून तहानलेले राहण्यासारखे आहे. १९२७ साली महाडला आपले लोक तळे सोडून परत फिरले नाहीत. ते तळ्यावर गेले. म्हाताऱ्या माणसास एकटे पाठवू नका. शिकलेला मुलगा वा मुलगी बरोबर जावो, काय तपासले व काय दिसले हे विचारो आणि लिहून घेवो. वाईट वागणूक मिळाली तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा व पोच घ्या.

चौथे कारण पैशाचे. "रोग निघाला तर खर्च कोण करणार? त्यापेक्षा न कळलेले बरे", असे पुष्कळ म्हातारी माणसे म्हणतात. मुलांवर भार पडू नये म्हणून ती असे म्हणतात, हे ओळखा. उपकेंद्रातील तपासणीस पैसे पडत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली ठरलेल्या रुग्णालयांत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांची सोय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही आणि धर्माचीही नाही. कागदावर 'बौद्ध' लिहिले म्हणून हा हक्क जातो, असे कोणी नवदीक्षितांस सांगत असेल, तर ते खोटे आहे. घरातील वृद्धांचे कार्ड आजच काढून ठेवा. दुखणे आल्यावर कागदांसाठी धावाधाव होते.

येथे तंबाखूविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या आज्यांची मिशरी, बापांची विडी, चुना लावलेली तंबाखूची गोळी आणि नातवांचा बंदी असूनही मिळणारा गुटखा, हे सारे एकाच दारी नेतात. कामठीच्या विडी कामगारांस संघटित करणारे आणि 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास यांनी त्या कामगारांच्या हक्कासाठी आयुष्य वेचले. विडी वळणारा हात आमचाच आणि विडीने जळणारे तोंडही आमचेच, अशी ही दुहेरी लूट आहे. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज उच्चारतो. ते मद्याविषयी आहे, तंबाखूचे नाव त्यात नाही, अशी पळवाट काढू नका. जे मनास व देहास गुलाम करते, त्याच्याशी धम्माचा मेळ बसत नाही. आणि ज्यांना व्यसन सुटत नाही, त्यांना रागावून दूर करू नका. त्यांनाच सर्वांत आधी तपासणीस न्या.

तपासणीविषयी भाबडी श्रद्धाही नको. ती औषध नव्हे. ती प्रत्येक कर्करोग शोधीत नाही. तोंडात चट्टा दिसला म्हणजे कर्करोगच झाला असे नव्हे, आणि आज काही दिसले नाही म्हणजे पुढे कधी होणारच नाही असेही नव्हे. म्हणून सांगितलेल्या मुदतीने ती पुन्हा करावी लागते, आणि नवी गाठ, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, बसलेला आवाज, गिळताना अडखळणे, शौचातून रक्त, कारण नसता घटणारे वजन यांपैकी काही आढळल्यास मुदतीची वाट न पाहता डॉक्टरांस दाखवावे लागते. तपासून चिठ्ठी हाती दिली आणि पुढे जिल्ह्यापर्यंत जाण्याची सोय मात्र केली नाही, तर ती तपासणी नव्हे; माणसास भय देऊन रस्त्यावर सोडणे होय. म्हणून आपली मागणी केवळ शिबिराची नसावी. चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले, याची नोंद केंद्राने ठेवावी, आणि ती ग्रामसभेत विचारली जावी. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात आहे. त्या संविधानाचा शिल्पकार कोण, हे तुम्हांस सांगावयास नको.

अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्षूस तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वहस्ते धुतले, आणि त्याची शुश्रूषा न करणाऱ्या भिक्षूंस आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे सांगितले, ही विनयपिटकातील कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. कथा ऐकून मान डोलविणे सोपे आहे. तुमच्या विहारात येत्या रविवारी वंदनेनंतर एक वही उघडा. वस्तीतील पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव तीत लिहा. कोणास कोण घेऊन जाणार, तेही नावापुढे लिहा. केंद्रात तपासणीचा दिवस कोणता हे दोघांनी जाऊन विचारून यावे, आणि तो दिवसच नसेल तर विहाराच्या नावे अर्ज द्यावा. ज्यास जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठविले जाईल, त्याच्या गाडीभाड्यासाठी व सोबतीसाठी मंडळाने काही रक्कम वेगळी काढावी. जयंतीच्या मिरवणुकीवर आपण जो खर्च करतो, त्याच्या अल्प भागात हे होईल.

आणि महिन्याने तीच वही पुन्हा विहारात उघडा. ज्या नावापुढे अजून खूण झालेली नसेल, त्या घराचे दार त्याच संध्याकाळी ठोठवा.