नगरची स्वस्ताई कोणाला परवडते?

नगरसारख्या जिल्ह्याच्या गावी संसार स्वस्तात होतो, ही समजूत कारखानदारापासून सरकारी कचेरीपर्यंत इतकी मुरली आहे की तिची तपासणी करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. पुण्याच्या मानाने कमी मजुरी देताना कंत्राटदार हीच सबब पुढे करतो. सरकारने घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ण पाडले, आणि लोकसंख्येच्या आकड्यामुळे नगर शेवटल्या वर्णात जाऊन बसले. शहरातील डोकी मोजली जातात. त्या डोक्यांना लागणारे पाणी कोठून आणि काय भावाने येते, हे मोजण्याची तसदी कोणी घेत नाही. केडगाव, बोल्हेगाव, नागापूर आणि सावेडीच्या टोकाच्या वसाहती येथील निर्वाहखर्चाची मेख मात्र नेमकी तेथेच आहे.

जागा स्वस्त म्हणून कामगार या वसाहतींकडे वळतो आणि जागेत वाचलेले पैसे पुढे आयुष्यभर पाण्यात घालतो. शहराचे पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून विजेच्या पंपांनी उचलून विळदमार्गे आणावे लागते. वीज गेली की पाणी गेले, आणि कमी पडले की तुटवडा प्रथम वाहिनीच्या शेवटच्या टोकाला. मग उरतात टँकर, जार आणि शेजाऱ्याची बोअर.

हिशेब सोपा आहे. पाच हजार लिटरचा टँकर हजार रुपयांना पडतो असे धरू. म्हणजे हजार लिटरला दोनशे रुपये. वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला, तर तेच हजार लिटर हजार रुपयांना पडतात. भाव वस्तीगणिक आणि महिन्यागणिक बदलतील. घाऊक आणि किरकोळ यांतली दरी काही बुजणार नाही. ज्याच्या आवारात टाकी आहे तो घाऊक ग्राहक. भाड्याच्या एका खोलीत राहणारे कुटुंब किरकोळ ग्राहक. अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच महिन्यात हिरा आणि पाणी यांचे कोडे शिकवतात: जीवनावश्यक पाणी स्वस्त आणि निरुपयोगी हिरा महाग, असे का? ॲडम स्मिथने हे कोडे १७७६ साली मांडले. मे महिन्यात बोल्हेगावात बिऱ्हाड करण्याची पाळी त्याच्यावर आली नव्हती, एवढेच म्हणता येईल.

महागाई निर्देशांक या बाबतीत जवळजवळ मुका आहे. केंद्राच्या श्रम ब्युरोने २०१६ हे पायाभूत वर्ष धरून औद्योगिक कामगारांसाठी जी मालिका सप्टेंबर २०२० पासून सुरू केली, तिच्यासाठी देशातील ८८ केंद्रे निवडली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर आले. नगर आले नाही. त्याच मालिकेत अन्न व पेये या गटाचा भार आधीच्या ४६.२ वरून ३९.१७ वर आणला गेला. कामगार सुखवस्तू झाला, असा यातून अर्थ काढणारे विद्वान निघालेच. नळाला पाणी येण्याच्या दिवशी जी बाई घरी थांबते आणि तेवढी रोजी गमावते, तिचा खाडा मात्र कोणत्याच गटात सापडत नाही. आणि महागाई भत्ता तरी कोणाला? औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी मजुराने हा शब्द बहुधा वर्तमानपत्रातच वाचलेला असतो.

यावर ठरलेले उत्तर येते की नगर पर्जन्यछायेत आहे, निसर्गापुढे कोणाचे काय चालणार? जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. नगर जिल्ह्याची सरासरी पाचशेच्या वर आहे. आमच्या उपनगरांत जे वाळवंट आहे ते आभाळातून पडलेले नाही. शहराशेजारच्या हिवरे बाजारने त्याच तुटपुंज्या पावसावर, ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून आणि शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई करून टँकर हद्दपार केला. तेथे पाणी सर्वांसमोर मोजले जाते. शहरात ते विकले जाते.

विकण्याचा हा परवाना येतो कोठून? १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचे भूजल, हा न्याय चालत आला. ज्याच्याकडे गुंठाभर जागा आणि खोल बोअर आहे तो साऱ्या आळीच्या पोटातले पाणी उपसून त्याच आळीला विकतो. २००९ साली राज्याने भूजलाचा स्वतंत्र कायदा केला. टँकरवाल्याची झोप त्यामुळे उडाल्याचे ऐकिवात नाही.

धरणाच्या पाण्याचेही तेच. एक हेक्टर उसाला वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. माणशी १३५ लिटर या शहरी मानकाने पाच जणांच्या कुटुंबाला वर्षभरात अडीच लाख लिटरही लागत नाहीत; म्हणजे एका हेक्टरच्या पाण्यात ऐंशी कुटुंबे. एक-दोन एकर ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. दुसऱ्या पिकाला हमीचा भाव नसताना त्याने तरी काय करावे? भांडण आहे ते जायकवाडीला पाणी सोडण्याची वेळ आली की जिल्ह्याच्या हक्कासाठी छाती पिटणाऱ्या पुढाऱ्यांशी. जिल्ह्याच्या या हक्कात केडगावची भाडेकरू बाई बसते की नाही, हे त्यांनी एकदा सांगावे.

१९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणी हाती घेतली तेव्हा मागणी तेल, साखर, धान्य यांची होती. गोरेगावात पाण्यासाठी लढलेल्या मृणालताईंना लोकांनी पाणीवाली बाई म्हटले. ते दोन लढे वेगळे नव्हते, हे आपल्या चळवळीत अलीकडे विसरले गेले आहे. वेतनाचे मागणीपत्र कामगार संघटनेने लिहायचे आणि हंडामोर्चा महिला आघाडीने काढायचा, अशी वाटणी होऊन बसली.

ती मोडली पाहिजे. नगरच्या शाखांनी येत्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत प्रत्येक उपनगरात निदान पंचवीस घरांच्या वह्या ठेवाव्यात: टँकर किती, जार किती, बुडालेले रोज किती. त्या वह्या जोडूनच कंत्राटी कामगारांच्या मजुरीची मागणी करावी. महापालिकेकडे गरजेपुरते पाणी मोफत, त्यावरील वापराला चढती पाणीपट्टी आणि विक्रीच्या प्रत्येक बोअरची नोंद मागावी. पाणीपट्टीचा पुढचा ठराव सभागृहात येईल त्या दिवशी वह्या घेऊन या बायांनी प्रेक्षागारात बसावे.