सुरतेचे तांबे आणि जव्हारचा माळ

जव्हारला सहलीस जाणारी कुटुंबे जयविलास राजवाडा पाहतात, दाभोशाच्या धबधब्यावर जातात आणि वाटेत शिरपामाळाला थांबतात. डिसेंबर 1663 मध्ये सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचे जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी येथे स्वागत केले, त्यांच्या मस्तकी शिरपेच चढविला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. पुढे सुरतेत काय घडले हे सर्वश्रुत आहे. वीरजी व्होरा या विख्यात जैन व्यापाऱ्याची हवेलीही त्या स्वारीत लुटली गेली. मात्र सुरतेत एवढी संपत्ती कोठून येत होती, हा प्रश्न माळावर उभे राहून सहसा कोणी विचारीत नाही.

त्या संपत्तीत तांब्याचा वाटा होता. मोगली राज्यातील किरकोळ व्यवहार तांब्याच्या पैशावर चाले. औरंगजेबाच्या काळी तांब्याची टंचाई अशी झाली, की पैशाचे वजन सुमारे एक तृतीयांशाने घटवावे लागले. वलंदेज, म्हणजे डच व्यापारी, सुरतेच्या वखारीत जे तांबे उतरवीत, ते जपानच्या नागासाकी बंदरातून येई. त्या निर्यातीत आशिओच्या खाणीचाही वाटा होता. 1610 मध्ये सापडलेली ही खाण 1973 मध्ये बंद पडली आणि 1980 पासून पर्यटकांसाठी खुली आहे.

टोकियोच्या उत्तरेला, निक्कोच्या डोंगरांत ती आहे. छोट्या रुळगाडीतून प्रवासी बोगद्यात शिरतो. आतील भुयारांची एकूण लांबी 1,200 किलोमीटरांहून अधिक. पाहावयास मिळतात ते सुमारे 700 मीटर. ओल्या, थंड अंधारात खाणकामगारांचे पुतळे मांडले आहेत. प्रथम छिन्नी-हातोडा घेऊन दगड फोडणारे, मग यंत्रे चालविणारे. तेथे कधीकाळी नाणीही ओतली जात, आणि त्यांच्या पाठीवर आशिओचे आद्याक्षर उमटविलेले असे. नाण्याने आपल्या जन्मगावाचे नाव पाठीवर वागवावे, ही गोष्ट हिशेबाच्या माणसाला थबकविणारी आहे. आपल्या खिशातील पैसा इतका प्रामाणिक क्वचितच असतो.

बोगद्याबाहेर आल्यावर दिसतात ते डोंगर. 1877 मध्ये फुरुकावा इचिबेई यांनी खाण विकत घेतली आणि उत्पादन झपाट्याने वाढले. भट्ट्यांच्या गंधकी धुराने झाडे जळाली, झाडे गेल्याने माती वाहून गेली, वातारासे नदीच्या पुराबरोबर खाणीचे विष भातशेतीत पसरले. तानाका शोझो या लोकप्रतिनिधीने या प्रश्नासाठी संसदेतील आपली जागा सोडली आणि 10 डिसेंबर 1901 रोजी सम्राटाच्या बग्गीपुढे अर्ज घेऊन धाव घेतली. पुढे नदीकाठचे यानाका गाव जलाशयासाठी उठविले गेले. त्या उघड्या डोंगरांवर रोपे लावण्याचे काम अद्याप चालू आहे. खाणीची जमेची बाजू बोगद्यात नीट मांडली आहे. नावेची बाजू डोंगरावर लिहिलेली आहे, आणि ती वाचण्यासाठी तिकीट लागत नाही.

जव्हार-मोखाड्यात तांब्याची खाण नाही. तरीही राजवाडा, माळ आणि धबधबा एवढेच पाहून परतणाऱ्याच्या हाती खतावणीचे एकच पान लागते. येथून बाहेर जाते ती माणसांची मेहनत. भाताची कापणी आणि झोडणी उरकली, की वारली, कातकरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. अनेकांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, कधी आजारपणासाठी, कधी लग्नासाठी. ही उचल कोणत्याही बँकेच्या पासबुकात दिसत नाही. तिचा हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि विटा मोजून फिटतो. हंगामाअखेरी बाकी उरलीच, तर ती पुढच्या वर्षाच्या नावावर चढते. मुले आईबापांबरोबर जातात, त्यामुळे शाळेच्या पटावर नावे राहतात आणि बाके रिकामी होतात.

दिवाळीत पेढ्यांवर वहीपूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोखाड्याच्या रस्त्यावर भांडी, गोधड्या आणि कोंबड्यांसह उभी असलेली कुटुंबे दिसू लागतात. शिरपामाळ पाहून मोखाड्याकडे वळणाऱ्या मोटारी त्यांच्याजवळूनच पुढे जातात.